मेंदूतील मारक अर्बुदांचे प्रतिमादर्शन

मेंदूत उद्भवणाऱ्या किंवा शरीराच्या अन्य भागांतून तेथे पसरणाऱ्या मारक अर्बुदांचे अस्तित्व, स्थान, व्याप्ती आणि शक्य तेवढे स्वरूप कवटी न उघडता चित्ररूपाने जाणून घेण्याच्या तंत्रास ही संज्ञा लावतात. कोशिकांच्या अनिर्बंध वाढीमुळे तयार झालेल्या गाठीला अर्बुद म्हणतात आणि आसपासच्या ऊतकांत घुसून त्यांचा नाश करणारे अर्बुद मारक समजले जाते [→ कर्करोग]. मेंदूतील मारक अर्बुदांचे दोन प्रमुख वर्ग आहेत. फुप्फुस, स्तन इ. अवयवांतील कर्करोगाच्या कोशिका रक्तावाटे मेंदूत येऊन वाढतात तेव्हा ती अर्बुदे दुय्यम होत. मेंदूतच उगम पावणाऱ्या प्राथमिक अर्बुदांत तंत्रिका कोशिकांना आधार देणाऱ्या ऊतकापासून होणारी श्लेष्मार्बुदे म्हणजे ‘ग्लायोमा’ महत्त्वाची असून त्यांपैकी ‘ग्लायोब्लास्टोमा’ हा प्रकार सर्वांत उग्र आहे. लहान मुलांत निमस्तिष्कात होणारे ‘मेड्युलोब्लास्टोमा’ आणि मेंदूतील लसीका कोशिकांचे अर्बुद हेही याच वर्गातील होत.

इतर अवयवांतील गाठ हाताला लागते किंवा तिचा तुकडा काढून तपासणे तुलनेने सोपे असते. मेंदू मात्र हाडाच्या बंद पेटीत असतो व त्याचा अगदी लहान तुकडाही निरुपयोगी मानता येत नाही. सकाळी अधिक होणारी डोकेदुखी, उलट्या, प्रौढ वयात प्रथमच आलेली आकडी, एका बाजूच्या हातापायांतील वाढता अशक्तपणा, वाचेतील किंवा स्वभावातील बदल ही लक्षणे गाठीची शंका उत्पन्न करतात. पण ती अन्य विकारांतही आढळतात. त्यामुळे या रोगाच्या निदानात प्रतिमेला असाधारण महत्त्व आले आहे. गेल्या शंभर वर्षांतील प्रगती थोडक्यात सांगायची, तर प्रथम गाठीमुळे सरकलेल्या शेजारच्या भागांची चित्रे मिळाली, नंतर प्रत्यक्ष गाठ दिसू लागली आणि अलीकडे गाठीचे रासायनिक व जैव स्वरूपही अंशतः कळू लागले आहे. तथापि प्रतिमा आणि ऊतक यांतील अंतर अद्याप पूर्णपणे मिटलेले नाही.

पूर्वेतिहास : व्हिल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावल्यावर लवकरच कवटीची क्ष-किरण चित्रे घेतली जाऊ लागली. तथापि मेंदूचे ऊतक, त्यातील द्रव आणि अर्बुद हे क्ष-किरणांना जवळजवळ सारखेच पारदर्शक असल्याने अशा चित्रात कवटीची हाडे व कॅल्शियम साठलेले भाग एवढेच दिसत. मेंदूच्या मध्यरेषेवरील तृतीय नेत्र ग्रंथीत प्रौढपणी कॅल्शियम साठते. तो ठिपका एका बाजूस ढळलेला दिसला की दुसऱ्या बाजूस काहीतरी वाढत असावे, असा तर्क करीत. १९१८ मध्ये अमेरिकन शस्त्रक्रियाविशारद वॉल्टर डँडी यांनी मस्तिष्क विवरांतील द्रव काढून तेथे हवा भरली व विवरांचा आकार क्ष-किरण चित्रात आणला. गाठ ज्या बाजूस असेल त्या बाजूचे विवर दबलेले किंवा सरकलेले दिसे. ही तपासणी अत्यंत क्लेशदायक होती. रुग्णास तीव्र डोकेदुखी व उलट्या होत आणि कवटीतील दाब वाढलेला असल्यास जिवालाही धोका असे. १९२७ मध्ये पोर्तुगालमधील एगास मोनीश यांनी मानेतील रोहिणीत क्ष-किरणांना अपारदर्शक द्रव्य टोचून मेंदूतील रक्तवाहिन्यांचे चित्र मिळविले. (मोनीश यांना १९४९ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते मात्र या कामगिरीबद्दल नव्हे, तर मनोविकारांवरील मेंदूच्या एका शस्त्रक्रियेबद्दल, आणि ती शस्त्रक्रिया पुढे त्याज्य ठरली.) मारक अर्बुदात तयार होणाऱ्या नव्या वाहिन्या वेड्यावाकड्या व गुंतागुंतीच्या असल्याने या पद्धतीत काही गाठींच्या स्वरूपाचाही अंदाज येई.

दुसऱ्या महायुद्धानंतर किरणोत्सर्गी समस्थानिकांचा उपयोग सुरू झाला. निरोगी मेंदूतील केशवाहिन्यांच्या भित्ती रक्तातील बहुसंख्य द्रव्यांना मेंदूत शिरू देत नाहीत; या व्यवस्थेस रक्त-मस्तिष्क रोध म्हणतात. मारक अर्बुदात हा रोध मोडतो आणि रक्तात टोचलेले द्रव्य तेथे झिरपते. १९४८ च्या सुमारास जॉर्ज मूर यांनी किरणोत्सर्गी आयोडीनयुक्त रंगद्रव्य वापरून या तत्त्वावर गाठीचे स्थान शोधले. १९६० नंतर आयोडिनाची जागा टेक्नेशियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकाने घेतली. मिळणारी चित्रे धूसर असत, पण ‘रोध मोडला की द्रव्य झिरपते’ हे तत्त्व आजच्या जवळजवळ प्रत्येक तपासणीत कायम आहे. भारतात या शाखेचा पाया मुंबईतील परळ येथे १९६३ मध्ये अणुऊर्जा खात्याने सुरू केलेल्या ‘रेडिएशन मेडिसिन सेंटर’ या केंद्राने घातला.

संगणकीकृत छेददर्शन : व्यवहारात ‘सीटी स्कॅन’ या नावाने परिचित असलेली ही पद्धत ब्रिटिश अभियंते गॉडफ्री हौन्सफील्ड यांनी विकसित केली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील विंबल्डन येथील अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. रुग्ण स्त्रीस मेंदूच्या पुढील खंडात गाठ असल्याचा संशय होता आणि चित्रात ती स्पष्ट दिसली. या पद्धतीत क्ष-किरणांची बारीक शलाका डोक्याभोवती फिरवून प्रत्येक दिशेने किती किरण शोषले गेले याची मोजणी करतात व संगणक त्या हजारो मोजणींवरून डोक्याच्या आडव्या छेदाचे चित्र रचतो. पाण्याचे शोषण ० आणि हवेचे उणे १,००० धरून प्रत्येक ऊतकास एक अंक देतात. मेंदूतील करडे द्रव्य सु. ३५ ते ४० आणि श्वेत द्रव्य सु. २५ ते ३० अंकांचे असते. हा दहा-पंधरा अंकांचा फरक साध्या क्ष-किरण चित्राला पकडता येत नव्हता, तो येथे डोळ्यांना दिसू लागला. प्रारंभीच्या चित्रात ८० × ८० म्हणजे अवघे ६,४०० चौकोन असत व एका छेदास चार-पाच मिनिटे लागत. आज संपूर्ण डोक्याची तपासणी काही सेकंदांत होते. हौन्सफील्ड आणि या पद्धतीचे गणित स्वतंत्रपणे मांडणारे ॲलन कॉर्मॅक यांना १९७९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

छेददर्शनामुळे हवा भरण्याची तपासणी अल्पावधीतच इतिहासजमा झाली. तत्काळ उपलब्धता, रक्तस्राव व कॅल्शियम ओळखण्याची क्षमता आणि कमी खर्च यांमुळे आकडी किंवा बेशुद्धी आलेल्या रुग्णाची पहिली तपासणी म्हणून तिचे स्थान अजूनही टिकून आहे. मात्र कवटीच्या तळाशी व निमस्तिष्काजवळ जाड हाडांमुळे चित्र बिघडते आणि आरंभीच्या अवस्थेतील, रोध न मोडलेले श्लेष्मार्बुद तीत सहज निसटते. आयनीकारक प्रारणाची मात्रा रुग्णास मिळते हाही तोटा आहे. भारतात अशा यंत्रांचे नियमन १९८३ मध्ये स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ करते.

चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शन : मेंदूच्या अर्बुदांच्या बाबतीत आज ही प्रमुख पद्धत आहे. शरीरातील पाणी व मेद यांत असलेल्या हायड्रोजनाची अणुकेंद्रे सूक्ष्म चुंबकांसारखी वागतात. प्रबल चुंबकीय क्षेत्रात ती एका दिशेने वळतात व ठराविक कंप्रतेच्या रेडिओ तरंगांनी उत्तेजित केली असता परत पूर्वस्थितीस येताना स्वतः संकेत देतात. पूर्वस्थितीस येण्याचा काल प्रत्येक ऊतकात निराळा असतो. नेहमीच्या १·५ टेस्ला क्षमतेच्या यंत्राचे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सु. तीस हजार पट असते आणि त्यात वापरावयाची कंप्रता सु. ६४ मेगॅहर्ट्‌झ असते. १९७१ मध्ये रेमंड डमेडियन यांनी अर्बुदाच्या ऊतकातील हा काल निरोगी ऊतकापेक्षा वेगळा असल्याचे दाखविले. १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी संकेतांपासून प्रतिमा तयार करण्याची रीत मांडली आणि पीटर मॅन्सफील्ड यांनी ती जलद केली. २००३ चे नोबेल पारितोषिक लॉटरबर व मॅन्सफील्ड यांना मिळाले. डमेडियन यांना वगळल्याबद्दल त्या वेळी बराच वाद झाला. या पद्धतीत क्ष-किरण नसतात आणि हाडाचा अडथळाही येत नाही.

एकाच तपासणीत निरनिराळ्या रीतींनी अनेक चित्रमाला घेतात व त्या एकमेकींशेजारी ठेवून वाचतात. एका मालेत शरीररचना, दुसरीत पाण्याने भरलेला किंवा सुजलेला भाग, तिसरीत मस्तिष्क-मेरुद्रवाचा उजेड दाबून केवळ सुजेचा भाग उठून दिसतो. त्यानंतर गॅडोलिनियम या मूलद्रव्याचे संयुग शिरेतून देतात. जेथे रोध मोडलेला आहे तेथे ते झिरपून तो भाग उजळतो. ग्लायोब्लास्टोमाचे चित्र यावरून ठराविक झाले आहे : जाड, ओबडधोबड, उजळ कडे, आत मृत ऊतकाचा काळसर गाभा, भोवती दूरवर पसरलेली सूज, आणि पुष्कळदा दोन्ही गोलार्धांना जोडणाऱ्या पट्ट्यातून पलीकडे गेलेला फाटा. गॅडोलिनियम मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्याने मूत्रपिंडाचे कार्य फार मंदावलेल्या व्यक्तीत त्याचा वापर जपून करावा लागतो. पूर्व विदर्भात दात्रकोशिका रोगाचे, म्हणजे ‘सिकलसेल’चे, प्रमाण बरेच असून त्यातील काही रुग्णांची मूत्रपिंडे बिघडलेली असतात; त्या भागात रक्तातील क्रिॲटिनिनाची तपासणी आधी करून घेण्याचा नियम काटेकोरपणे पाळणे इष्ट ठरते.

उजळ कडे म्हणजे अर्बुदाची सीमा नव्हे, ही गोष्ट ध्यानात ठेवणे अत्यावश्यक आहे. मारक श्लेष्मार्बुदाच्या कोशिका सुजेच्या भागात आणि त्यापलीकडेही विखुरलेल्या असतात, परंतु तेथील रोध शाबूत असल्याने त्या चित्रात उजळत नाहीत. उपचारानंतर पुन्हा उद्भवणारी बहुसंख्य ग्लायोब्लास्टोमा मूळ गाठीपासून सु. २ सेंमी. च्या आतच वाढतात, असे १९८० मध्येच छेददर्शनाच्या आधारे दाखविण्यात आले. दिसणाऱ्या गाठीभोवती काही पट्टा सोडून प्रारण देण्याची प्रथा यावरूनच दृढ झाली.

चुंबकीय अनुस्पंदनाच्या काही विशेष शाखा याच पायावर उभ्या आहेत. विसरण-चित्रात पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजतात. कोशिका दाटीवाटीने भरलेल्या लसीकार्बुदात किंवा मेड्युलोब्लास्टोमात ती मंदावलेली आढळते. अभिसरण-चित्रात ऊतकातील रक्ताचे आकारमान कळते व ते उग्र श्लेष्मार्बुदात वाढलेले असते. वर्णपटीय तपासणीत चित्राऐवजी निवडलेल्या जागेतील रासायनिक द्रव्यांची शिखरे उमटतात : तंत्रिका कोशिकांचे द्योतक असलेले शिखर खाली बसलेले आणि कोशिकापटलांच्या वेगवान निर्मितीचे द्योतक असलेले कोलिनाचे शिखर उंचावलेले दिसले, तर अर्बुदाचा संशय बळावतो. कार्यदर्शी चित्रात रुग्ण बोलत किंवा बोटे हलवीत असताना मेंदूचा कोणता भाग क्रियाशील होतो ते दिसते व शस्त्रक्रियेत वाचेचे किंवा हालचालीचे केंद्र वाचविता येते.

अर्बुद आणि अर्बुदसदृश विकार : पाश्चात्त्य ग्रंथांत उजळ कड्याच्या गाठीचा पहिला अर्थ मारक अर्बुद असा असतो. भारतात तो तसा धरल्यास मोठा प्रमाद घडतो. क्षयरोगाच्या जंतूंमुळे मेंदूत होणारे क्षयार्बुद, डुकरातील पट्टकृमीच्या अळीमुळे होणारी पुटी आणि पुवाने भरलेला विद्रधी हे तिन्ही विकार गॅडोलिनियम किंवा आयोडीनयुक्त द्रव्य दिल्यावर तसेच कडे दाखवितात. यांतील प्रत्येक विकार औषधांनी किंवा मर्यादित शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो, तर ग्लायोब्लास्टोमाचे भवितव्य सर्वस्वी निराळे आहे. चूक दोन्ही बाजूंनी होते : क्षयार्बुदास कर्करोग समजून घरच्यांनी आशा सोडावी किंवा कर्करोगास क्षयार्बुद समजून अनेक महिने क्षयाची औषधे द्यावी आणि तोवर गाठ वाढावी.

या संदर्भात वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधन नमूद करण्याजोगे आहे. १९८० नंतर देशात छेददर्शन यंत्रे वाढली, तेव्हा आकडी आलेल्या पुष्कळ भारतीय रुग्णांच्या मेंदूत एकच लहान, उजळणारी गाठ दिसू लागली. ती क्षयाचीच मानून सर्रास क्षयाची औषधे देत व काही महिन्यांनी गाठ नाहीशी झाली की औषधांचा गुण आला असे समजत. वेल्लोर येथे अशा गाठींच्या ऊतकाची प्रत्यक्ष तपासणी झाली, तेव्हा बहुतेक गाठी पट्टकृमीच्या मरणाऱ्या अळीभोवतीच्या असून त्या आपोआप विरतात असे आढळले. वेदांतम् राजशेखर व मॅथ्यू चँडी यांनी यावरून निकष ठरविले : गाठ एकच, व्यासाने २० मिमी. पेक्षा कमी, मेंदूची मध्यरेषा न ढळविणारी. रुग्णास आकडीखेरीज वाढत जाणारा दोष नसणे, कवटीतील दाब वाढल्याची चिन्हे नसणे आणि शरीरात अन्यत्र सक्रिय रोग नसणे. हे निकष पूर्ण होत असतील तर शस्त्रक्रिया न करता आकडीचे औषध देऊन ठराविक काळाने पुन्हा चित्र घेता येते. महागड्या नव्या यंत्राशिवाय केवळ काळजीपूर्वक निरीक्षणाने साधलेली ही प्रगती या क्षेत्रातील कोणत्याही यांत्रिक शोधाइतकीच मोलाची मानावी लागेल.

मोठ्या गाठींच्या बाबतीत विशेष शाखांची मदत होते. विद्रधीतील दाट पुवात पाण्याची हालचाल अत्यंत मंद असते, म्हणून विसरण-चित्रात त्याचा गाभा झगझगीत दिसतो. अर्बुदातील मृत गाभा सामान्यतः तसा दिसत नाही. क्षयार्बुदाच्या वर्णपटात क्षयजंतूंच्या आवरणातील मेदाचे उंच शिखर आढळते. परंतु मृत ऊतक असलेल्या अर्बुदातही मेदाचे शिखर येऊ शकते. त्यामुळे शंका राहिल्यास चित्राच्या मार्गदर्शनाने सुई घालून काढलेल्या जीवोतकाची परीक्षा हाच निर्णायक पुरावा ठरतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तर अनेक अर्बुदांचे नाव त्यांतील जनुकीय बदलांवरूनच निश्चित करावे लागते.

तरीही जनुकीय स्वरूपाची चाहूल प्रतिमेत लागते का, याचा शोध चालू आहे. टाटा मेमोरियल सेंटरमधील संशोधकांनी मेड्युलोब्लास्टोमाच्या १११ रुग्णांची शस्त्रक्रियेपूर्वीची चुंबकीय अनुस्पंदन चित्रे तपासून २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. या अर्बुदाचे चार रेण्वीय गट असून त्यांचे भवितव्य व उपचारांची तीव्रता भिन्न असते. गाठ निमस्तिष्काच्या मध्यावर आहे की कडेस, ती किती उजळते इ. गुणांवरून चारांपैकी दोन गट बऱ्याच अचूकपणे ओळखता आले. उरलेल्या दोहोंबाबत मात्र अंदाज चुकण्याचे प्रमाण अधिक होते. ज्या रुग्णालयात जनुकीय तपासणीची सोय नाही तेथे असा अंदाज उपयोगी पडू शकतो, पण तो ऊतक परीक्षेची जागा घेऊ शकत नाही.

पॉझिट्रॉन उत्सर्जन छेददर्शन : व्यवहारात ‘पेट स्कॅन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत चयापचयाचे चित्र मिळते. किरणोत्सर्गी फ्ल्युओरीन जोडलेली शर्करा टोचल्यास वेगाने वाढणाऱ्या कोशिका ती अधिक प्रमाणात घेतात. शरीरातील बहुतेक कर्करोगांना लागू पडणारी ही युक्ती मेंदूत काहीशी फसते, कारण निरोगी मेंदूही शर्करेवरच चालतो आणि त्याच्या उजेडात गाठ लपते. म्हणून मेंदूसाठी किरणोत्सर्गी ॲमिनो अम्ले वापरतात. ती निरोगी मेंदू फारशी घेत नाही व गाठ उठून दिसते. कार्बन समस्थानिक जोडलेल्या मिथिओनिनाचे अर्धायुष्य २० मिनिटे असल्याने सायक्लोट्रॉन यंत्र त्याच आवारात असावे लागते. फ्ल्युओरिनाचे अर्धायुष्य ११० मिनिटे असल्याने ते द्रव्य काही अंतरावर वाहून नेता येते. भारतातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन व त्याला जोडलेली ही तपासणी परळच्या उपर्युक्त केंद्रात २००२ मध्ये सुरू झाली.

उपचारातील उपयोग : शस्त्रक्रियेपूर्वी घेतलेली चित्रे संगणकात भरून शस्त्रक्रियाविशारदाचे उपकरण या क्षणी मेंदूत नेमके कोठे आहे ते पडद्यावर दाखविता येते. अडचण अशी की, कवटी उघडून द्रव वाहून गेला व गाठीचा काही भाग काढला की उरलेला मेंदू खचतो आणि आधीचे चित्र खोटे ठरू लागते. यावर बॉस्टन येथे १९९४ मध्ये शस्त्रक्रियागृहातच चुंबकीय अनुस्पंदन यंत्र बसविण्याचा उपाय योजला गेला, पण तो अतिशय खर्चिक आहे. श्राव्यातीत ध्वनीची तपासणी त्या मानाने स्वस्त असून उघड्या मेंदूवर शोधक ठेवून काही क्षणांत नवे त्रिमितीय चित्र मिळते. टाटा मेमोरियल सेंटरमधील तंत्रिका-शस्त्रक्रिया विभागाने या पद्धतीचा पद्धतशीर वापर करून त्याचे अनुभव प्रसिद्ध केले आहेत. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले चित्र ४८ ते ७२ तासांच्या आत घेतात. त्यानंतर जखमेच्या भरून येण्यामुळेही कडा उजळू लागतात आणि राहिलेले अर्बुद कोणते व भरून येणारी जखम कोणती ते सांगता येत नाही.

ग्लायोब्लास्टोमावरील रूढ उपचार २००५ मध्ये ठरला. प्रारणासोबत टेमोझोलोमाइड हे औषध दिल्यास रुग्णांची मध्यम जीवितमर्यादा १२·१ महिन्यांवरून १४·६ महिन्यांवर जाते, असे त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले. ही वाढ अल्प असली तरी तिने प्रतिमावाचकापुढे एक नवा पेच उभा केला. उपचार संपल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत काही रुग्णांच्या चित्रात गाठ वाढलेली दिसे व उपचार न बदलताही पुढे ती आपोआप लहान होई. उपचाराने मरणाऱ्या कोशिकांभोवतीचा हा दाह होता. या ‘आभासी वाढी’चे प्रमाण निरनिराळ्या अभ्यासांत सु. १० ते ३० टक्के आढळले. याच्या उलट, नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणाऱ्या बेव्हॅसिझुमॅब या औषधाने वाहिन्यांची गळती थांबते व चित्र चकित करण्याइतके सुधारते, मात्र अर्बुद आतल्या आत पसरतच असते. म्हणून २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ञगटाने नवे निकष दिले : प्रारण संपल्यापासून १२ आठवड्यांच्या आत, प्रारण दिलेल्या क्षेत्राबाहेर नवी गाठ दिसल्याशिवाय किंवा ऊतकाचा पुरावा मिळाल्याशिवाय, केवळ उजळ भाग वाढला म्हणून रोग बळावला असे मानू नये. २०२३ मध्ये सुधारलेल्या निकषांत प्रारणोत्तर पहिले चित्र हेच पुढील तुलनेचे आधारचित्र धरावे असे ठरले. अभिसरण-चित्र व ॲमिनो अम्लाची पॉझिट्रॉन तपासणी यांनी संशय कमी होतो, परंतु मुख्य साधन एकच : त्याच रुग्णाची आधीची चित्रे शेजारी ठेवून पाहणे.

रुग्ण व यंत्र यांतील अंतराचा प्रश्न येथेच उद्‌भवतो. उदाहरणार्थ भंडारा जिल्हा घ्यावा. भंडारा शहर नागपूरपासून सु. ६० किमी. व साकोली सु. १०० किमी. अंतरावर आहे, मुंबई वरठीच्या भंडारा रोड स्थानकापासून सु. ९०० किमी., म्हणजे रात्रभराच्या रेल्वे प्रवासाइतकी दूर आहे. लाखांदूर किंवा तुमसर तालुक्यातील शेतमजुराला पहिली आकडी आली, की बहुधा जवळचे छेददर्शन, नागपुरातील चुंबकीय अनुस्पंदन, तेथे अथवा मुंबईत शस्त्रक्रिया व प्रारण आणि घरी परतल्यावर पुन्हा नागपुरात तपासणी असा क्रम घडतो. प्रत्येक ठिकाणचे यंत्र, छेदांची जाडी व औषधाची मात्रा निराळी असते. रुग्णाच्या पिशवीत उरतात त्या दहा-बारा छापील फिल्मी. यंत्राने घेतलेल्या शेकडो छेदांपैकी त्या निवडक असतात आणि त्यांवर मोजमाप करता येत नाही. रोग बळावला की उपचाराचा दाह आहे, हा निर्णय अशा वेळी अपुऱ्या पुराव्यावर होतो व त्यातून परिणामकारक औषध अकारण बंद पडू शकते. मूळ अंकीय चित्रे तबकडीवर किंवा अन्य साधनावर मागून घेणे, ती प्रत्येक भेटीत सोबत नेणे आणि शक्यतो एकाच यंत्रावर पुढील तपासण्या करणे, या बिनखर्चाच्या गोष्टींनी निदानाची अचूकता वाढते. अंकीय चित्रे दूरस्थ तज्ञाकडे पाठविता येत असल्याने रुग्णाला प्रत्येक वेळी प्रवास करावा लागत नाही. टाटा मेमोरियल सेंटरच्या पुढाकाराने २०१२ मध्ये स्थापन झालेल्या ‘नॅशनल कॅन्सर ग्रिड’ या जाळ्यामुळे देशातील कर्करोग रुग्णालयांत असा सल्लामसलतीचा मार्ग खुला झाला आहे.

संगणकीय वाचन व नवी यंत्रे : अर्बुदाची सीमा संगणकाकडून आखून घेण्याचे प्रयत्न २०१२ पासून ‘ब्राट्स’ या वार्षिक स्पर्धेमुळे वेगाने पुढे गेले. आज असे आज्ञावलीसंच गाठीचे घनफळ काही क्षणांत मोजतात व दोन चित्रांतील सूक्ष्म फरक दाखवितात. मोजण्याच्या कामात ते मानवी डोळ्यापेक्षा सातत्यपूर्ण ठरतात. निदानाच्या कामात मात्र सावधगिरी हवी. त्यांना शिकविण्यासाठी वापरलेल्या चित्रसंग्रहात अर्बुदेच असतात. क्षयार्बुद किंवा पट्टकृमीची पुटी त्यांनी ‘पाहिलेली’ नसते. अशा आज्ञावलीस पुटी दाखविली असता ती तिच्याभोवती अर्बुदाची सीमा निमूटपणे आखून देईल. भारतीय रुग्णांची, ऊतक परीक्षेने सिद्ध झालेली चित्रे त्यांत समाविष्ट होईपर्यंत हा दोष राहणार आहे.

यंत्रांच्या रचनेतही बदल होत आहेत. नेहमीच्या यंत्रातील चुंबक अतिशीत ठेवण्यासाठी हजार लिटरांहून अधिक द्रवरूप हीलियम लागतो व तो उडून गेल्यास यंत्र दीर्घकाळ बंद पडते. २०१८ पासून सु. ७ लिटर हीलियम कायमचा बंदिस्त असलेली १·५ टेस्लाची यंत्रे मिळू लागली आहेत. वजनाने हलकी असल्याने ती बसविण्यास तुलनेने सोपी पडतात. याहून लहान, चाकांवर ढकलून रुग्णाच्या खाटेपाशी नेता येणारे ०·०६४ टेस्लाचे यंत्र २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता पावले. त्याची चित्रे अर्बुदाची प्रत ठरविण्याइतकी स्पष्ट नसतात, परंतु मोठी गाठ, ढळलेली मध्यरेषा किंवा फुगलेली विवरे ते दाखवू शकते.